थट्टेतला मालक

सिरातेंदाच्या किनाऱ्यावर एके काळी अकरा बायका बोंगा मासळी धुरवायच्या. अकरा भट्ट्या, आणि भट्टीपेक्षा जीभ गरम. सकाळी होड्या लागल्या की छातीभर पाण्यात शिरून, डोक्यावर घमेली घेऊन, एकमेकींना ढकलत, शिव्या घालत मासळी आणायच्या. आता उरली होती एकटी दिबोर फाय. बाकीच्यांपैकी कुणी शहरात लेकीकडं गेली, कुणी कांद्याचे वाफे धरले, दोघी तर सरळ मातीखाली गेल्या. शेजारच्या गावात माशांचं पीठ करायचा कारखाना निघाला, तेव्हापासून होड्या तिकडंच लागायच्या. इकडं यायची ती एखाददुसरी, जिला अर्धंच भरलेलं जाळं घेऊन कारखान्याच्या रांगेत उभं राहायची लाज वाटायची.

त्या एखाददुसऱ्या होडीवर दिबोर जगत होती. साठी उलटून गेली होती. नवरा जाऊन सात वर्षं झाली. एकुलती लेक सरहद्दीपलीकडं दाकारला दिलेली. ती ईदेला फोन करायची, आणि अर्धा फोन "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" यातच संपायचा. मासळी मांडायची, खाली लाकूड सारायचं, झाकायची, उलटायची, पुन्हा झाकायची. तीन दिवसांनी मासा लाकडासारखा कडक झाला की टोपल्यात भरायचा. या सगळ्यात बोलायची गरजच पडत नाही. कधी कधी दुपार व्हायची आणि तिच्या ध्यानात यायचं, की सकाळपासून आपण तोंड उघडलं ते फक्त खोकायला.

दिवसात तिच्याशी बोलायला येणारं माणूस एकच. आणि तोही शिव्या द्यायला यायचा.

"ए बटके! मालकाची न्याहारी कुठाय?"

हा केबुते सांबू. होड्यांचा सुतार. तिच्याच वयाचा, दोन बायका, नातवंडांचं लेंढार, आणि आवाज असा की समुद्रानं गप्प बसावं. त्याचा कारखाना म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, तिच्या भट्टीपासून पुढं ताडांच्या पलीकडं.

"मालक म्हणे," दिबोर धुरातून म्हणायची. "अरे, तुझ्या बापाला माझ्या बापानं दोन टोपल्या कोळंबी देऊन घेतला होता. घरी आणून बघितला तर निव्वळ भात खातोय. एक टोपली परत मागायला गेला बिचारा, दिली नाही कुणी."

"तरीच! तरीच तुझ्या बापाच्या तोंडाला मरेपर्यंत कोळंबीचा वास यायचा. मागून मागून दमला असेल."

असं म्हणत तो जाळीवरचा एक गरम मासा उचलायचा, या हातातून त्या हातात नाचवायचा आणि फुंकत फुंकत निघून जायचा. पैसे द्यायचा प्रश्नच नाही. मालक कुठं बटकीला पैसे देतो?

तो जोला जमातीचा, ती सेरेर. आपल्याकडं हे सांगायला लागत नाही. पूर्वी कधी तरी दोन बहिणी एका होडीत होत्या, होडी मधोमध फुटली, एक अर्धुकं इकडं लागलं नि एक तिकडं. एकीची लेकरं जोला झाली, एकीची सेरेर. तेव्हापासून दोघांतला कुणीही भेटला की दुसऱ्याला गुलाम म्हणणार, खादाड म्हणणार, त्याच्या ताटातलं ओढून खाणार, आणि समोरच्यानं राग धरायचा नाही. राग धरला तो माणसातून उठला. सोयरीक मोडते, भाऊ भावाला कोर्टात नेतो, पण ही थट्टा कुणी मोडत नाही.

तर त्या वर्षी वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला, आणि त्याच्याबरोबर राजधानीतनं एक मोटार आली. गुंतवणुकीच्या कचेरीतला साहेब होता, कोकर नावाचा. तिशीतला, इस्त्रीचा सदरा, बूट काढून वाळूत चालायचं सुचलं नाही म्हणून दर दहा पावलांवर थांबून बूट झटकणारा. जन्म राजधानीतला, पण वाढला आणि शिकला सगळा बिलायतेत. त्याच्याबरोबर दोन परदेशी पाहुणे, नाकाला रुमाल.

आल्कालोनं, म्हणजे गावच्या प्रमुखानं, सगळ्यांना बांताबावर बोलावलं. मोठ्या झाडाखालचा तो लाकडी ओटा. गावाचं जे काही ठरतं ते तिथंच. कोकर साहेबानं एक भला मोठा नकाशा उलगडला. दोन पोरं दोन टोकं धरून उभी राहिली.

"आपल्या देशाला ऐंशी किलोमीटर किनारा आहे," साहेब म्हणाला. "समुद्रात मासा आहे. किनाऱ्यावर जागा आहे. नाही ते फक्त भांडवल. ते या पाहुण्यांकडं आहे. इथं बर्फघर होईल, धक्का होईल, मासा बर्फात घालून थेट बाहेरच्या देशात जाईल."

"आणि आमच्याकडं काय राहील?" दिबोर मागून म्हणाली.

"तुमच्याकडं संधी आहे, आई!"

"कुठं रे?"

साहेबानं नकाशावर बोट ठेवलं. नकाशात त्या जागी पांढरं होतं, आणि पांढऱ्यावर एक ते अकरा आकडे.

"अरे बाबा, ती माझी भट्टी आहे," दिबोर म्हणाली. "तीस वर्षं मी तिथं बसते. संधी येऊन कधी बसली शेजारी? मला धुरात दिसली नाही."

सगळा बांताबा हसला. साहेबही हसला, चांगला होता स्वभावानं. मग त्यानं वही काढली आणि एकेक आकडा विचारायला लागला. एक नंबर कुणाचा? घरचे तयार आहेत का? दोन नंबर? त्या सगळ्या जागा रिकाम्याच पडल्या होत्या, त्या बायकांच्या घरच्यांना काय, "हो" म्हणाले. सात नंबर आला.

"सात नंबरचं कोण बोलणार?"

"मी बसलीये ना," दिबोर म्हणाली.

"तसं नाही आई, घरचं कुणी? नवरा?"

"मेला."

"मुलगा?"

"झाला नाही."

"मग घरातलं कुणी मोठं माणूस, तुमच्या वतीनं..."

झालं. एवढी मोकळी जागा मिळाल्यावर केबुते गप्प बसतो होय? गडी उठला, झगा झटकला आणि छाती पुढं काढून ओट्यासमोर गेला.

"मी बोलणार! हिचा मालक मी. ही माझी बटीक आहे, हिच्या आजोबापासून आमच्याच दावणीला आहेत. हिचं जे जे आहे ते माझं. साहेब, मी सांगतो, न्या! भट्टी न्या, जागा न्या, आणि एवढे उपकार करा, हिलाही न्या. खायला फार लागतं हो!"

माणसं अशी हसली की झाडावरची पाखरं उडाली. दिबोरनं डोळे पुसले.

"ऐका, ऐका मालकाचं! ज्याला दोन्ही बायका घरात घेत नाहीत, होडीखाली झोपतो, तो मला विकायला निघालाय! न्या हो साहेब. पण आधी याला विचारा, मी गेल्यावर याला ठेवून कोण घेणार?"

"नाव काय आपलं?" कोकर साहेबानं हसत हसत विचारलं.

"केबुते सांबू! लिहा. बटकीचा मालक!"

साहेबानं लिहिलं. त्याला वाटलं, माणसं हसतायत म्हणजे राजी आहेत. आल्कालोही हसत होता, त्याच हसण्यात त्यानं खाली सही ठोकली. आपण हसलो म्हणून लिहिणाऱ्याचं पेन हसत नसतं, हे तिथं बसलेल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं यावं? पोटातल्या पोरालाही कळतं ते कुणाला समजावून सांगायचं असतं, असं कुणाला कधी वाटलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी दोन माणसं लाल रंगाचा डबा घेऊन आली आणि दिबोरच्या छपराच्या खांबावर भला मोठा "७" काढला.

"हे काय रे?"

"बर्फघराची जागा, मावशी. पावसाच्या आत रिकामी करायची."

"कोण म्हणतो?"

"संमती आहे ना." एकानं कागद काढून बोटानं वाचला. "सात नंबर. संमती देणार केबुते सांबू. नातं, मालक."

दिबोर हसली. हसताना तिला दिसलं की ती दोघं हसत नाहीयेत. एकजण दुसरा खांब रंगवत होता.

ती तशीच केबुतेच्या छपराखाली गेली. तो एका होडीच्या भेगेत कापूस ठासत होता, शेजारी डांबर उकळत होतं.

"मालक, मुबारक! खपले मी!"

"किती आले?" त्यानं मान वर न करता विचारलं. "जास्त आले असतील तर परत कर, फसवणूक नको."

मग त्यानं मान वर केली. तिचं तोंड बघितलं. कापूस हातातच राहिला.

"लिहिलं?" तो म्हणाला. "ते... ते लिहिलं त्यानं?"

"सही आहे आल्कालोची."

केबुते तिथंच होडीच्या काठावर बसला. दिबोरनं त्याला इतकी वर्षं ओळखलं, पण हा माणूस गप्प बसला की कसा दिसतो हे तिनं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. म्हातारा दिसत होता.

आल्कालोनं डोकं धरलं. म्हणाला, माझ्याकडं खोडरबर नाही, राजधानीलाच जा. म्हणून एका सकाळी दोघं व्हॅनमध्ये बसली. चार जणांच्या बाकावर सहा जण, मांडीवर कोंबड्या.  मग केबुतेनं पुढच्या माणसाच्या खांद्यावर टकटक केलं.

"दादा, जरा सरका. बाजारात चाललोय, ही बटीक परत करायला. दुकानदार घेत नाहीये, म्हणतो वापरलेली आहे."

"आणि हा सोबत कशाला आलाय ते विचारा," दिबोर म्हणाली. "याला वजनावर देणारे. सगळं वजन पोटाचंच, हाड वगैरे काही नाही आत."

ड्रायव्हर मंडिंका होता, तिसऱ्याच जमातीचा, तोही मध्ये पडला, म्हणाला दोघांना फुकट नेतो पण मध्येच उतरू नका. सगळी व्हॅन हसत राजधानीत पोचली. एक बाई उतरताना दिबोरचा हात दाबून म्हणाली, "असा मालक सगळ्यांना मिळो." दिबोरला त्या दिवशी वाटलं, एवढं सगळं नीट आहे तर पुढं बिघडेल कसं?

कचेरीत थंडगार. दिबोरनं डोक्यावरचा रुमाल कानावर ओढला. कोकर साहेबानं लगेच बोलावलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्याचे कान खाली गेल्यासारखे दिसायला लागले.

"मला वाटलं..." तो म्हणाला. "सगळे हसत होते."

"तुझ्या आजीनं तुला कधी कुणाला गुलाम म्हणायला नाही शिकवलं?" दिबोरनं विचारलं.

"माझी आजी लंडनला होती."

"अरेरे," केबुते मनापासून म्हणाला.

साहेबानं कागद चाळले. संमतीचा कागद पाहुण्यांकडं गेला होता, त्यावर शिक्का पडला होता. रद्द करायची एकच वाट होती. दिबोरनं लिहून द्यायचं, की केबुते सांबू याचा माझ्याशी कसलाही संबंध नाही. माझ्या वतीनं बोलायचा त्याला हक्क नव्हता आणि नाही. हे जिथं आधी झालं तिथंच, बांताबावर, सगळ्यांसमोर वाचायचं. आणि केबुतेनं उभं राहून म्हणायचं, हे खरं आहे.

"एवढं कशाला?" दिबोर म्हणाली. "लिही की, थट्टा होती."

"थट्टेला रकाना नाही, आई." साहेब म्हणाला. "आणि लिहिलं, तर वरचे विचारतील की या माणसानं सरकारी वहीत खोटं का सांगितलं. त्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. संबंध नाही, चुकून बोलला, असं म्हटलं तर त्यालाही काही होत नाही, तुमचीही जागा राहते."

कागद त्यानं स्वतः टाइप करून दिला. वाचूनही दाखवला, दोनदा. दोन्ही वेळा "संबंध नाही" आलं की केबुते खिडकीबाहेर बघायचा, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

परतीच्या व्हॅनमध्ये पुढं एक जाडा माणूस घोरत होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी केबुतेनं त्याच्यावरून तासभर काढला असता. दिबोर वाट बघत राहिली. ताडाची झाडं गेली, भातखाचरं गेली, माशांच्या पिठाचा तो कुजका वास आला नि गेला. गाव आलं. उतरताना त्यानं तिला हात दिला, एवढंच.

अंगठा कधी द्यायचा ते तिच्यावर होतं. शुक्रवारची नमाज झाली की बांताबा भरतो. साहेबानं दिलेल्या मुदतीत दोन शुक्रवार होते. पहिला तिनं जाऊ दिला.

भट्टी गेली तर खायचं काय, हा एक प्रश्न. साठीच्या बाईला कांद्याचा वाफा कोण देणार, आणि दाकारला लेकीच्या सासूच्या घरात कोपरा धरून बसायचं हे तर तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. पण दुसराही प्रश्न होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याचा जनाजा निघाला तेव्हा हा केबुते आडवा पडला होता ताटीपुढं. नवऱ्याचीच टोपी घालून. "माझा गुलाम न विचारता पळून चाललाय! सोडणार नाही! आधी कोला फळं टाका!" जाणत्यांनी हसत हसत मानाची ती कडू कोला फळं त्याच्या हातावर ठेवली तेव्हा कुठं उठला. आणि दिबोर त्या दिवशी, नवरा समोर गुंडाळलेला असताना, हसली होती. त्या हसण्यामुळं तिला रडता आलं. उद्या ती गेली की लेक येईल दाकारहून, रडेल, चार माणसं उचलतील. पण ताटीपुढं आडवं कोण पडणार?

दुसऱ्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी केबुते आला. जाळीवर मासळी होती, त्यानं हात लावला नाही.

"अंगठा दे उद्या," तो म्हणाला. "वेड्यासारखं करू नको."

"कागदावर म्हणू, आणि कागद गेला की पुन्हा चालू करू," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी ये आणि म्हण बटके. काय बिघडलं?"

"कचेरीतल्या टेबलावर म्हणायचं असतं तर दहा वेळा म्हटलं असतं मी. बांताबावर म्हणायचंय, दिबोर. जाणत्यांसमोर. माझ्या नातवंडांसमोर. तिथं मी आजपर्यंत खोटं बोललो नाही."

"त्या दिवशी बोललास की. मालक म्हणालास."

"ते खोटं होतं का?" त्यानं विचारलं.

दिबोरनं जाळीवरचा एक मासा उलटला.

"तिथं उभं राहून मी म्हणालो नातं नाही, तर नाही," केबुते म्हणाला. "मग परत ये-जा नाही. पोरं काय शिकतील, की आजोबा सकाळी एक म्हणतात नि दुपारी एक?"

"मग म्हणू नको. मी नाही देत अंगठा."

"आणि खाशील काय? माझ्या शिव्या?" तो उठला. "त्यानं पोट भरत असतं तर दोघंही हत्तीएवढे झालो असतो. दे अंगठा. मी बोललो म्हणून हे झालं, आता मलाच निस्तरू दे."

ती रात्र गेली, सकाळ झाली. सकाळी कसं कोण जाणे, एक भरलेली होडी चुकून इकडंच लागली. कारखान्याचं यंत्र बंद पडलं होतं म्हणे. दिबोर छातीभर पाण्यात शिरली, नऊ वेळा घमेलं भरून आणलं, जाळ्या भरल्या, लाकूड सारलं. हाताला मीठ, डोळ्यात धूर, आणि कितीतरी दिवसांनी पाठ दुखेपर्यंत काम. कंबरेवर हात देऊन ती उभी राहिली आणि भरलेल्या जाळ्यांकडं बघितलं. हे सोडून तिला दुसरं काहीच येत नव्हतं. हात धुऊन ती बांताबाकडं निघाली.

कोकर साहेब आला होता. या वेळी त्यानं बूट काढून हातात धरले होते. कागद आल्कालोनं वाचला, सावकाश, एकेक शब्द मंडिंका भाषेत सांगत. केबुते सांबू याचा माझ्याशी कसलाही संबंध नाही. कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं पदरासारखा रुमाल तोंडावर ओढून घेतला. दिबोरनं निळ्या शाईत अंगठा बुडवला आणि दाबला.

केबुते उभा राहिला. धुतलेला पांढरा झगा, ईदेला घालतो तो.

"हे खरं आहे," तो म्हणाला. आवाज एवढा हळू, की आल्कालोला "पुन्हा म्हण" म्हणावं लागलं. त्यानं पुन्हा म्हटलं.

दोन्ही खांबांवरचा सात दिबोरनं शिंपल्यानं खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी केबुते रस्त्यावरनं आला. भट्टीपासून चार हातांवर थांबला. चप्पल काढली.

"दिबोरबाई, रात्र शांतीत गेली?"

तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "शांतीत," ती म्हणाली.

"तब्येत?"

"शांती आहे."

"लेक, जावई, लेकीच्या घरचे?"

"सगळे शांतीत. तुमच्या घरचे?"

"शांतीच आहे. अल्लाची मेहेरबानी." त्यानं चप्पल घातली आणि गेला.

रोज असंच. एक दिवस चुकला नाही. गावातल्या पोरांना जाणती माणसं दाखवून सांगायची, बघा, बाईमाणसाला सलाम कसा करावा. दिबोर उत्तर द्यायची आणि तो ताडांपलीकडं गेला की लाकूड उगीच जोरात सारायची. एकदा तिनं मुद्दाम डिवचलं. "आज झगा फार घट्ट दिसतोय, भात जास्त झाला का?" केबुतेनं नजर खाली केली, व्याह्यासमोर हसतात तसा हसला आणि म्हणाला, "आपली मर्जी." तिला वाटलं, यापेक्षा त्यानं कानाखाली दिली असती तर बरं.

पावसाच्या तोंडावर कोकर साहेब पुन्हा आला, एकटाच, भाड्याच्या गाडीनं. दिबोरच्या छपराखाली उकिडवा बसला.

"बर्फघर होत नाही, आई. पाहुणे उत्तरेकडच्या देशात गेले. तिथं कर कमी आहे म्हणाले. नकाशा, वही, सगळं बंद." त्यानं पिशवीतून तो कागद काढला, निळ्या अंगठ्याचा. "हा आता कशाच्याच कामाचा नाही. म्हटलं तुम्हालाच द्यावा."

दिबोरनं त्याला एक धुरवलेला मासा पानात गुंडाळून दिला आणि लगेच निघाली. भट्टीकडं बघायला कुणाला सांगितलंही नाही. सांगायला होतं कोण? ताडांमधून जवळजवळ पळतच केबुतेच्या छपराखाली आली. डांबर उकळत होतं, खाली जाळ होता.

"पाहुणे पळाले," ती धापा टाकत म्हणाली. "हे बघ." आणि तिनं कागद त्याच्यादेखत जाळात टाकला. निळा अंगठा आधी पिवळा झाला, मग गेला. "झालं. संपलं. आता म्हण."

केबुते जाळाकडं बघत राहिला. मग त्यानं हातातली हातोडी ठेवली, कोपऱ्यातली तिवई ओढली, झग्याच्या बाहीनं पुसली आणि तिच्यापुढं ठेवली.

"बसा."

"बसायला नाही आले मी! म्हण ना रे! आळशी, भातखाऊ, अर्ध्या होडीतनं वाहून आलेला, तोंड आहे का लाकूड ठासलंय त्यात? म्हण!"

"कागद जळाला," केबुते हळूच म्हणाला. "माझं तोंड कुठं जळलं, बाई?"

तो आत गेला. मडक्यातलं पाणी काढल्याचा आवाज आला. पाहुण्यांसाठी ठेवलेला तो घासलेला पितळी पेला घेऊन आला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. असं दिलेलं पाणी नाकारत नाहीत. दिबोर तिवईवर बसली आणि प्याली. सगळं प्याली. तोवर तो उभा होता, हात पुढं बांधून.

"मासळी येतेय का बरी?" त्यानं विचारलं.

"येते थोडी."

"अल्ला बरकत देवो."

"आमीन." तिनं पेला परत केला. "येते मी."

"चला, पोचवतो," केबुते म्हणाला.

तिची भट्टी तिथून दिसत होती, धूरही दिसत होता. तरी तो निघाला, एक पाऊल मागं राहून, आणि ताडांच्या ओळीपर्यंत आला. तिथं थांबला, परक्या गावच्या माणसाला निरोप देताना थांबतात तसा, आणि ती आपल्या छपराखाली शिरेपर्यंत उभा राहिला.